कॅमेरा हलका असावा कीं जड?

छायाचित्रणाची आवड विद्यार्थ्यांत दिवसेंदिवस वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आवड वाढली कीं तिच्यामागून एक प्रश्न येतो आणि तो पालकांच्या खिशाशीं येऊन थांबतो : कॅमेरा कोणता घ्यावा? लग्नसमारंभांत छायाचित्रकाराच्या गळ्यांतील बोजड यंत्र आणि हातभर लांब भिंग पाहून मुलांची समजूत होते कीं, जितकें यंत्र मोठें तितकें चित्र चांगलें. उलट पक्षीं, लहानशा रेंजफाइंडर कॅमेऱ्याची थोरवी गाणारेही जाणते लोक आहेत. आमच्या मतें हा वाद वजनाचा नसून अंतराचा आहे. ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्यापासून आपण किती दूर उभे राहणार, हें एकदां ठरलें म्हणजे यंत्राची निवड फारशी अवघड राहत नाहीं.

प्रथम दोहोंची रचना पाहूं. रेंजफाइंडरच्या माथ्यावर कांहीं सेंटिमीटर अंतरानें दोन लहान खिडक्या असतात. दोहोंतून आलेल्या दोन प्रतिमा एकाच चौकटींत दिसतात; भिंगावरील कडें फिरवून त्या एकमेकींवर तंतोतंत बसविल्या कीं चित्र स्पष्ट येतें. आपले दोन डोळे ज्या रीतीनें अंतर ओळखतात, तीच ही रीत होय. एस. एल. आर. कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें तिरपा आरसा असतो. भिंगांत शिरलेला प्रकाश आरशावरून व पंचकोनी लोलकांतून डोळ्यापर्यंत पोंचतो. म्हणून भिंगास जें दिसतें तेंच छायाचित्रकारास दिसतें. मात्र कळ दाबतांच आरसा वर उचलला जातो, त्याचा खट्ट आवाज होतो, आणि नेमक्या त्या क्षणीं डोळ्यापुढें अंधार येतो. रेंजफाइंडरमध्यें आरसाच नाहीं. त्यामुळें तो लहान व शांत राहतो, आणि चौकटीबाहेरून कोण आंत येत आहे तेंही घेणारास आधीं दिसतें. परंतु १३५ मिलिमीटरहून लांब भिंगास तो सहसा उपयोगी पडत नाहीं, आणि अगदीं जवळची वस्तूही त्यास नीट टिपतां येत नाहीं. वजनाचा फरक पाहा : २००७ सालचा निकॉन डी-३ केवळ अंगानेंच सव्वा किलोच्या आसपास भरतो, २००९ सालचा लायका एम-९ सहाशें ग्रॅमच्याही आंत आहे.

हा लहान कॅमेरा निघाला त्याची हकीकत बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानांत होता त्या संस्थानाच्या दरबारीं राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे नामांकित छायाचित्रकार होते. त्यांच्या काळीं मोठी लांकडी पेटी, तिकाटणें आणि कांचेच्या तबकड्या यांवांचून चित्र निघत नसे. पुढें जर्मनींत ऑस्कर बारनाक या कारागिरास दम्याच्या विकारामुळें असें ओझें वाहणें कठीण जाई. त्यानें सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरून खिशांत मावेल असें यंत्र बनविलें. तोच १९२५ साली लाइपझिग येथील जत्रेंत मांडलेला लायका होय. पुढें त्यास रेंजफाइंडरची जोड मिळाली.

तथापि हलकें यंत्र घेतल्यानें कोणी कलावंत होत नाहीं, आणि जड यंत्रानें कोणी अडत नाहीं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ लायका घेऊन ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत महात्माजींस भेटले. त्यानंतर थोड्याच वेळांत महात्माजींची हत्या झाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनीं स्पीड ग्राफिकसारखीं जड यंत्रें बाळगून, साडी नेसून, सायकलवर फिरून दिल्लींत वर्षानुवर्षें काम केलें. महात्माजींच्या अंत्ययात्रेचीं चित्रें दोघांनींही टिपलीं, आणि तीं आजही अनमोल आहेत. दोघांत समान होतें तें यंत्र नव्हे. योग्य जागीं योग्य वेळीं पायांनीं चालत जाण्याची तयारी.

आतां आपल्या परिसराकडे वळूं. पालीजवळच्या बिंदुसरा तलावाच्या पलीकडील कांठावर बसलेला बगळा किंवा पाटोदा तालुक्यांतील नायगांवच्या अभयारण्यांतला मोर ज्यास टिपावयाचा आहे, त्यानें रेंजफाइंडरच्या वाटेस जाऊं नये. पक्षी माणसास जवळ येऊं देत नाहीं, आणि देऊंही नये. तेथें लांब भिंग व एस. एल. आर. हेंच खरें साधन, आणि त्याचा भार आनंदानें वाहावा. याउलट सोळाव्या शतकांतील खजाना विहिरीच्या अंधुक प्रकाशांत लहान यंत्र अधिक कामास येतें; आरशाचा हिसका नसल्यानें हात स्थिर ठेवून मंद प्रकाशांतही चित्र घेतां येतें.

पण आपल्या जिल्ह्याचें सर्वांत महत्त्वाचें चित्र ना पक्ष्याचें आहे, ना विहिरीचें. दसरा-दिवाळीच्या सुमारास गांवोगांवचीं कुटुंबें मुकादमाकडून उचल घेऊन, हातीं कोयता धरून, ऊसतोडीसाठीं परमुलखास निघतात. गाडींत भांडीं, अंथरुणें, कोंबड्या आणि मुलेंही असतात. त्यांत आपल्या वर्गांतील एखादा सोबतीही असूं शकेल. हें चित्र शंभर हातांवरून लांब भिंगानें घेतां येतें. घेतलेल्यास कळतही नाहीं कीं आपण कोणाच्या पेटींत जाऊन बसलों. परंतु आपल्या माणसांस मोराप्रमाणें टिपणें आम्हांस उचित वाटत नाहीं. लहान यंत्र घेऊन जाणारास चार हातांवर उभें राहावें लागतें. तेथें गेल्यावर रामराम करावा लागतो, नांव-गांव विचारावें लागतें, आणि समोरचा नको म्हणाला तर माघारें यावें लागतें. या यंत्राची मर्यादा हीच त्याची शिकवण होय.

कोणी म्हणेल, लहान कॅमेरा तर चोरून चित्र घेण्यास अधिक सोयीचा! आक्षेप खरा आहे. यंत्र मनुष्यास सज्जन करीत नाहीं. हातांतील मोबाईलनें याचा रोजच प्रत्यय येतो. तरीही जें साधन आपल्यास जवळ जावयास लावतें, त्यानें निदान समोरच्यास आपल्याकडे पाहण्याची व नाहीं म्हणण्याची संधि मिळते.

पालकांस खर्चाची चिंता वाटत असेल, ती रास्त आहे. नव्या लायकाची किंमत कित्येक लक्ष रुपये आहे. विद्यार्थ्यानें त्याचा हट्ट धरणें म्हणजे अंथरूण न पाहतां पाय पसरणें होय. सुदैवानें अलीकडे कारखान्यांचा ओढा आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे असल्यामुळें जुने डिजिटल एस. एल. आर. पुष्कळ कमी किमतींत मिळूं लागले आहेत. तसा एखादा नीट पारखून घ्यावा आणि त्यास ३५ मिलिमीटरचें एकच लहान भिंग लावावें. सामान्य डिजिटल एस. एल. आर. मध्यें तें फिल्मच्या कॅमेऱ्यांतील पन्नास मिलिमीटरच्या भिंगाइतकें दृश्य दाखवितें, म्हणजे फार दूरचें नाहीं आणि फार पसरटही नाहीं. झूम नसल्यानें विषय मोठा दिसावा तर दोन पावलें पुढें टाकावीं लागतील. अशा रीतीनें जड यंत्राच्या किमतींत हलक्या यंत्राची शिस्त अंगीं बाणेल. पक्ष्यांची गोडी खरोखर लागली, तर लांब भिंग पुढें केव्हांही घेतां येईल.

विद्यार्थिमित्रहो, दुकानांत जाण्यापूर्वीं स्वतःस विचारा कीं मला कोणाचें चित्र घ्यावयाचें आहे, आणि त्याच्यासमोर उभें राहण्याचें धैर्य मजपाशीं आहे काय? पांखराचें असेल तर दूर राहा, आणि त्यासाठीं लागेल तें ओझें वाहा. माणसाचें असेल तर जवळ जा, परवानगी मागा, आणि काढलेलें चित्र त्यास दाखविल्यावांचून परत येऊं नका.