निवडीचे स्वातंत्र्य कोणाला?

अकरावीच्या उंबरठ्यावर सोळा वर्षांच्या मुलांना विचारले जाते : गणित की जीवशास्त्र? दंतवैद्यकास जीवशास्त्र अनिवार्य. अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांस गणित. गणित सोडलेली शेतमजुराची मुलगी ‘नीट’मध्ये मागे पडली, की दुसरे दारही बंद होते. धनिकाचा मुलगा मात्र पुन्हा वर्षभर शिकवणी लावू शकतो. जोखीम गरिबाची, स्वातंत्र्य श्रीमंताचे! राजर्षी शाहूंनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृहाची पायाभरणी केली, १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्याच नगरीत विषयनिवड शिकवणीवर्गांच्या जाहिरातींवर सोपवणे शोभत नाही. शासनाने कनिष्ठ महाविद्यालयांतच मोफत मार्गदर्शन द्यावे. तोवर कार्यकर्त्यांनी गावोगावी सांगावे : जीवशास्त्र घ्या, पण झेपत असेल तर गणित सोडू नका.