गाणं उघडत नाहीये, भावा!

तीन वर्षांपूर्वी केलेला प्रोजेक्ट उघडायला गेलात आणि स्क्रीनवर 'प्लगइन सापडत नाही' अशी पाटी आली, असं तुमच्यासोबत कधी झालंय? झालं नसेल तर होईल. मी शाप देत नाहीये, नुसतं वेळापत्रक सांगतोय.

आमच्यासोबत झालं ते असं. मी साताऱ्यात, माझा जोडीदार सांगलीत. कॉलेजच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत आम्ही दोघांनी मिळून केलं होतं, त्याच्या घरच्या माळ्यावर, बिजागरी तुटलेल्या लॅपटॉपवर. यंदा ज्युनिअर पोरांनी तीच एकांकिका पुन्हा उभी करायची ठरवली आणि निरोप आला, "दादा, शेवटच्या प्रसंगाचं म्युझिक पंधरा सेकंद वाढवून दे ना." पंधरा सेकंद! चहा गार व्हायच्या आत होणारं काम. मधल्या काळात जोडीदारानं नवा लॅपटॉप घेतला होता आणि सगळी सॉफ्टवेअर नव्यानं टाकली होती. रात्री साडेअकराला फोन. "गाणं उघडत नाहीये, भावा." म्हणजे उघडत होतं, पण अकरापैकी सहा ट्रॅक मुके. शेवटच्या प्रसंगात बासरी आणि वारा यांच्या मधला एक आवाज होता. अख्खा प्रसंग त्याच्यावर तोललेला. तोच गायब.

आम्ही आधी व्हायरसला शिव्या घातल्या, मग लॅपटॉपच्या दुकानदाराला. दोघांचाही दोष नव्हता. प्लगइनचे नवे इन्स्टॉलर आम्ही टाकले होते आणि त्यांत जुना व्हीएसटी २ प्रकार दिलेलाच नव्हता.

ज्यांना हे नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्ही एफएल स्टुडिओ, एबलटन किंवा रीपर वापरता, त्यात सिंथ, रिव्हर्ब, तबला असं बाहेरून जे जोडता ते प्लगइन. ते जोडायची खाच कशी असावी हे ठरवणारा नियम म्हणजे फॉरमॅट. मिक्सरचं भांडं आठवा. जुन्या मिक्सरचं भांडं नव्या मिक्सरवर बसत नाही, चटणी कितीही झकास असली तरी. आणि प्रोजेक्ट फाइलमध्ये प्लगइनचा आवाज नसतोच. कोणतं प्लगइन, त्याची बटणं कुठे फिरवलेली, कोणत्या क्षणी कोणता सूर, एवढंच लिहिलेलं असतं. भांडं बसलं नाही तर हातात उरते ती नुसती कृती.

व्हीएसटी ही खाच हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीनं १९९६ मध्ये आणली. १९९९ मध्ये व्हीएसटी २ आलं, आणि खोलीत बसून गाणं करायची जी सोय आज आपल्याला आहे ती बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. जगभरातल्या एकट्या-दुकट्या प्रोग्रॅमरनी हजारो फुकट सिंथ याच फॉरमॅटमध्ये बनवले. २००८ मध्ये व्हीएसटी ३ आलं, तरी दहा वर्षं दोन्ही गुण्यागोविंदानं नांदले. मग ऑक्टोबर २०१८ पासून व्हीएसटी २ चे परवाने नव्या डेव्हलपरना मिळणं बंद झालं, आणि जानेवारी २०२२ मध्ये स्टाइनबर्गनं जाहीर केलं की दोन वर्षांत आपल्या सॉफ्टवेअरमधूनही आम्ही ते काढून टाकणार.

तुम्ही म्हणाल, आमचं एफएल तर अजून जुनी प्लगइन चालवतंय. चालवतंय, खरंय. पण प्लगइन बनवणारेच नवी आवृत्ती फक्त व्हीएसटी ३ मध्ये काढायला लागले, की तुमच्या सॉफ्टवेअरनं दार उघडं ठेवून उपयोग काय? आणि हा काही पहिलाच झटका नाही. २०१८ मध्ये एबलटन लाइव्ह १० नं ३२-बिट प्लगइन सोडली, २०१९ मध्ये ॲपलच्या कॅटालिनानं ३२-बिट सगळंच सोडलं. दर काही वर्षांनी कुणीतरी खाच बदलतं आणि आपण भांडी बदलत बसतो.

कंपनीची बाजूही ऐकून घेऊ. व्हीएसटी ३ खरोखर बरं आहे. ट्रॅक शांत असताना प्लगइन प्रोसेसर खात बसत नाही, साइडचेनसारख्या गोष्टी नीट जोडता येतात. १९९९ चा कोड कुणी जन्मभर का वाहावा? मला त्याबद्दल राग नाही. राग आहे तो घर सोडताना कुलूप लावून किल्ली घेऊन जाण्याचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टाइनबर्गनं व्हीएसटी ३ एमआयटी परवान्याखाली खुलं केलं, त्याचं मनापासून स्वागत. मग जे तुम्ही स्वतःच मोडीत काढलंत ते व्हीएसटी २ खुलं करायला काय हरकत आहे? कुणी हौशी पोरगा ते सांभाळत बसला तर कंपनीचं जाणार काय?

कारण नुकसान मोठ्या कंपन्यांच्या गिऱ्हाईकांचं होत नाही, त्यांना अपडेट मिळतो. नुकसान होतं ते मूळ कर्त्यानं सोडून दिलेल्या प्लगइनवर गाणी बांधणाऱ्यांचं. आणि नाव मोठं असलं तरी भरवसा नाहीच. कॅमल ऑडिओचा अल्केमी सिंथ एके काळी गाजलेला होता. २०१५ मध्ये ॲपलनं कंपनी घेतली, अल्केमी लॉजिकमध्ये गेला आणि विंडोजवाले बसले हात चोळत. आमचा तो बासरी-वाऱ्याचा आवाजही असाच एका फुकट सिंथचा. त्याची वेबसाइटच आता नाही. जुन्या लॅपटॉपवरची डीएलएल फाइल नव्यावर टाकून पाहिली. सॉफ्टवेअरनं ती ओळखली आणि दुसऱ्याच क्षणी आडवं झालं.

आता जरा मिरजेला चला. सांगलीहून दहा किलोमीटरही नाही, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सतारमेकर गल्ली पाहिलेली नसणार, पैज लावतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून, तिथे सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर दांडी, घोडी, तारा. घोडी झिजली की आवाज बसतो, मग कारागीर ती घासून जवारी पुन्हा लावतो. महत्त्वाचं हे की तो कारागीर मूळ बनवणाराच असायला लागत नाही. आजोबांचा तंबोरा कुठल्याही जाणकाराकडे न्या, त्याला कुणाचा परवाना काढावा लागत नाही. वाद्याची खाच सगळ्यांना माहीत आहे, म्हणून वाद्य माणसापेक्षा जास्त जगतं. (त्या गल्लीला सोन्याचे दिवस आलेत असं समजू नका. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यानं आणि मोबाइलवरच्या ॲपनं धंदा खाल्ला, हे तिथले लोक वर्षानुवर्षं सांगतात. तो ॲप माझ्याही फोनमध्ये आहे.)

कॉम्प्युटरच्या जगात हे अशक्य आहे असंही नाही. मिडी १९८३ चं आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून ते ठरवलं, आणि आज तुमच्या कीबोर्डची वायर तीच भाषा बोलते. वेव्ह फाइल १९९१ ची, कुठेही वाजते. बिटविग आणि यू-ही या कंपन्यांनी २०२२ मध्ये क्लॅप नावाचा फॉरमॅट पहिल्यापासून खुला ठेवून आणला. नवं प्लगइन निवडताना आवाजाबरोबर हेही बघायला काय जातं?

आता एक नाजूक विषय. आपल्याकडे निम्म्या पोरांच्या लॅपटॉपवर क्रॅक असतो आणि 'आपण अपडेटच करत नाही, आपल्याला काय फरक पडतो' असा त्यांचा रुबाब. मीही त्यातूनच आलोय, उगाच सोवळं नेसत नाही. पण लॅपटॉप बसतो तेव्हा तो क्रॅकही त्याच्याबरोबर जातो, आणि तक्रार करायला तोंड नसतं. पैसे भरलेल्याला निदान भांडता येतं. रीपरचा सवलतीचा परवाना साठ डॉलरला मिळतो, एफएल एकदा घेतलं की पुढचे अपडेट फुकट. महागडा एक बूट कमी घ्या.

आणि गाणं झालं की झोपायच्या आधी प्रत्येक ट्रॅक वेगळा वेव्ह करून काढा. एकदा इफेक्टसकट, एकदा कोरा. मिडी फाइल वेगळी, टेम्पो आणि प्लगइनची नावं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. चार मिनिटांचा २४-बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओ ट्रॅक सत्तर एमबीच्या आसपास होतो. अकरा ट्रॅक म्हणजे पाऊण जीबी. एवढ्या जागेत तुम्ही मित्राच्या हळदीचे व्हिडिओ सांभाळताय. प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना अपडेट करू नका. पोटात व्हीएसटी २ चालवणारी व्हीएसटी ३ प्लगइनही असतात, ब्लू कॅटचं पॅचवर्क त्यातलंच. पण तो सलाइनवरचा पेशंट आहे, कायमचा इलाज नाही.

कॉलेजांनीही एक करावं, यासाठी काही निधी लागत नाही. युवा महोत्सवाच्या प्रत्येक नाटकाचं संगीत कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असतं. तो पोरगा पास होऊन पुण्याला गेला की संगीतही जातं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, ते कसं ऐकू आलं असेल हे आपल्याला कळायला मार्ग नाही, तेव्हा यंत्रच नव्हतं. आपल्याकडे यंत्र आहे, तरी गेल्या वर्षीच्या नाटकाची एमपीथ्रीसुद्धा सापडत नाही. हस्तलिखित अंक जपणाऱ्या लायब्ररीत एक हार्ड डिस्क ठेवायला जागा नाही का?

आमचं काय झालं, ते राहिलंच. मी रविवारी कोयना एक्सप्रेसनं सांगली गाठली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, चार्जर एका विशिष्ट कोनात धरला तरच चालू. तो कोन जोडीदारानं चार तास धरला आणि मी एकेक ट्रॅक बाहेर काढला. पाच प्रोजेक्टपैकी चार वाचले. बासरी-वाऱ्याचा तो आवाज सापडला, पंधरा सेकंद वाढवून ज्युनिअरना पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, "दादा, सॉरी हां, आम्ही प्रसंगच छोटा केला."