शाळेच्या बसला आधी अंगण हवे

शाळा सुटण्याच्या वेळी नागपूरच्या गांधीबागेत, सेंट्रल अव्हेन्यूच्या कडेला थोडा वेळ उभे राहून पाहा. वर खांबांवरून मेट्रो विजेवर धावते. प्रजापतीनगरापर्यंतचा हा मार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. खाली कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या हातगाड्या, ऑटोरिक्षा आणि त्या गर्दीत अडकलेली शाळेची बस. बस जागच्या जागी उभी असते, पण तिचे डिझेल इंजिन चालूच असते. तो धूर ज्या उंचीवर सुटतो, त्या उंचीवर नाके कोणाची असतात? खालच्या इयत्तांतील मुलांची! मग वरची गाडी विजेवर चालते तर खालची का चालू नये, हा प्रश्न अगदी रास्त आहे.

मेट्रोला डोक्यावरच्या तारेतून वीज अखंड मिळते. रस्त्यावरील बसलाही ती तशी देता येते. मुंबईत १९६२ ते १९७१ या काळात तारेवर चालणारी ट्रॉलीबस होती. पण शाळेच्या बसला घरोघरच्या वळणांवर जावे लागते. इतवारी-महालाच्या बोळांवर तारा कोण आणि कशा टाकणार? म्हणून या बसने आपली वीज बॅटरीत भरून बरोबरच नेली पाहिजे.

येथे पहिली शंका येते ती, बॅटरी वाटेतच संपली तर? ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. शाळेची बस दिवसाला साधारण ६० किलोमीटर धावते असे धरू. आजच्या मध्यम आकाराच्या विजेच्या बसगाड्या एकदा चार्ज केल्यावर शंभर किलोमीटर सहज जातात. शिवाय या बसचा मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली, आणि दिवसाचे बरेच तास ती नुसती उभी असते. उन्हाळ्याचे काय? मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि अतिउष्णता लिथियमच्या बॅटरीला मानवत नाही, हे खरे. पण ऐन मे महिन्यात विदर्भातील शाळा बंद असतात. सुटीत बस सावलीत आणि बॅटरी अर्धी भरलेली ठेवली, तर पुष्कळ काम होते.

दुसरी शंका मात्र खरी आहे, ती पैशाची. वही-पेन्सिल घ्या. डिझेलची बस लिटरमागे ५ किलोमीटर जाते आणि डिझेल ९० रुपये लिटर आहे असे धरू. म्हणजे किलोमीटरला १८ रुपये. विजेच्या बसला किलोमीटरला १ युनिट लागते आणि युनिटला १० रुपये पडतात असे धरू. बचत झाली किलोमीटरला ८ रुपये. शाळेचे दिवस २२० मानले, तर वर्षाचे १३,२०० किलोमीटर आणि बचत १,०५,६०० रुपये. आता विजेची बस २० लाख रुपयांनी महाग आहे असे समजा. हा जास्तीचा खर्च भरून यायला सुमारे १९ वर्षे लागतील! तेवढ्या काळात बॅटरीही एकदा बदलावी लागेल.

हाच हिशेब शहर बससाठी करा. ती रोज २०० किलोमीटर, वर्षाचे ३५० दिवस धावते असे धरले, तर वर्षाची बचत ५,६०,००० रुपये होते आणि तेच २० लाख चार वर्षांच्या आतच फिटतात. विजेच्या गाड्या शहर बससेवांमध्ये आधी का आल्या, ते आता ध्यानात येईल. गंमत पाहा, कमी धावणे हा शाळेच्या बसचा चार्जिंगच्या दृष्टीने गुण, तर खर्चाच्या दृष्टीने तोच दोष!

तिसरी गोष्ट वीज येते कोठून ही. नागपूरच्या दाराशी कोराडी आणि खापरखेडा येथे कोळशावर वीज तयार होते. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण १ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. उलट एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलोग्रॅम, म्हणजे आपल्या बसच्या हिशेबाने किलोमीटरला अर्धा किलोग्रॅमच. केवळ कोळशाच्या विजेवर बस चालवली, तर गल्लीतील धूर जाईल, पण पृथ्वीच्या तापण्याला आळा बसणार नाही. आपल्या देशातील सरासरी युनिट यापेक्षा बरे आहे, कारण त्यात पाणी, वारा आणि सूर्य यांचाही वाटा आहे. तरी फरक फार मोठा नाही.

मग उपाय काय? माझ्या मते उपाय शाळेच्या अंगणात आहे. गांधीबागेसारख्या वस्तीत शाळेच्या पुष्कळ गाड्या खाजगी मालकांच्या असतात आणि रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. तेथे वीज द्यायची कशी? घरातून रस्त्यावर वायर टाकणे धोक्याचे आहे. शाळेच्या अंगणात मात्र छप्पर, चांगले अर्थिंग आणि वेगळा मीटर यांची सोय करता येते. ६० युनिटे आठ तासांत भरायची तर ७.५ किलोवॅट पुरतात, म्हणजे शेतावरच्या दहा अश्वशक्तीच्या पंपाएवढाच भार. घाईने एका तासात भरायची तर आठपट! म्हणून शाळेला महागड्या जलद चार्जरची गरज नाही. सावकाश भरणेच परवडते.

त्याहून चांगले म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, ऊन असताना भरणे. १ किलोवॅटच्या सौर तावदानांपासून दिवसाला सरासरी ४ युनिटे मिळतात. ६० युनिटांसाठी १५ किलोवॅट, म्हणजे सुमारे १५० चौरस मीटर छप्पर लागेल, तीन-चार वर्गखोल्यांवरचे! बस बाहेर असेल तेव्हा तीच वीज पंखे-दिवे चालवील.

या सर्वाचा खर्च पालकांच्या फीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. मालाची हमाली करून मुलाची बस-फी भरणारा पालकही याच वस्तीत राहतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'फेम' योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात बसगाड्यांचे अनुदान सार्वजनिक परिवहन संस्थांसाठी होते. तसा हात शासनाने शाळेच्या बसलाही द्यावा. शाळेने जागा आणि वीज द्यावी, मालकाने गाडी आणावी. आणि सगळ्या गाड्या एकदम न बदलता, जुनी डिझेल बस निकालात निघेल तेव्हा तिच्या जागी विजेची एक आणावी.

शिक्षकांना एक विनंती. आठवडाभर आपल्या शाळेच्या प्रत्येक बसचे किलोमीटर, उभे राहण्याचे तास आणि उभे राहण्याची जागा मुलांकडून नोंदवून घ्या. मी वर धरलेल्या आकड्यांच्या जागी तुमचे आकडे घाला. उत्तर कदाचित माझ्याहून वेगळे येईल. पण ते तुमच्या शाळेचे खरे उत्तर असेल.