हरलेल्या संघाला पुढचा शनिवार द्या

दिवाळीच्या कार्यक्रमात इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाने घोषणा केली, की सातारा-सांगलीकडच्या एका गावच्या कबड्डी स्पर्धेला यंदा मंडळातर्फे रोख बक्षीस आणि चषक जाणार. पडद्यावर चषकाचा फोटो आला, टाळ्या पडल्या. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, म्हणजे मुलूख माझाच. तरी माझे हात उचलले नाहीत. शेजारच्या खुर्चीतले काका म्हणाले, "अहो, तुमच्याकडच्याच पोरांना मिळतंय की!" एवढ्या गडबडीत त्यांना काय सांगणार? म्हणून हा लेख.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही गावी होतो. यात्रेतल्या स्पर्धा चालू होत्या. माझ्या भावाचा मुलगा ५५ किलो गटात खेळतो. दुपारपासून पोरं जर्सी घालून बसलेली, आणि त्यांच्या संघाचं नाव पुकारलं तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पाऊण तासाच्या आत सगळं संपलं. दोन गुणांनी हरले. भाच्याने शेवटच्या मिनिटाला असा चवडा काढला होता, की मैदानाभोवतीची माणसं उठून उभी राहिली. परत येताना माझ्या मुलाने त्याला विचारलं, "आता पुढची मॅच कुठल्या शनिवारी?" भाचा त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला तो प्रश्नच कळला नाही. हरल्यावर पुढची मॅच कुठली? हरलो की घरी. पुन्हा कुठल्या तरी गावात स्पर्धा लागेल, कुणी प्रवेश फी भरेल, वडापची सोय होईल, तेव्हा बघू.

माझा मुलगा इथे गावातल्या क्लबात रग्बी खेळतो. गुणवत्तेने तो भाच्याच्या जवळपासही नाही, हे मी आई असून म्हणते. तरी सप्टेंबर लागला, की त्याच्या हातात एप्रिलपर्यंतचं वेळापत्रक असतं. कुठल्या शनिवारी-रविवारी कुणाशी, आपल्या मैदानावर की त्यांच्या, सगळं छापील. आमच्या घरचे नळ दुरुस्त करायला येणारा गृहस्थ चाळिशीचा आहे, गुडघे कुरकुरतात, तरी क्लबाच्या दुसऱ्या संघातून खेळतो. त्याचा संघ मागच्या हंगामात हरत हरत तळाला गेला. पुढे काय झालं? एक पायरी खाली उतरला, आणि आता तिथे खेळतो आहे. हीच व्यवस्था मला सांगायची आहे.

इंग्लंडमधल्या रग्बी युनियनची उतरंड आपण सगळे इथे राहून पाहतो, पण तिच्याकडे नीट लक्ष देत नाही. वर व्यावसायिक प्रीमियरशिप, तिच्याखाली राष्ट्रीय, मग विभागीय, आणि २०२२च्या फेररचनेपासून सगळ्यात खाली 'काउंटीज' नावाच्या पायऱ्या. तळाच्या या पायऱ्यांवरचे खेळाडू सुतार, शिक्षक, ट्रकचालक असतात. पैसे मिळायचे लांबच, उलट वर्षाची वर्गणी स्वतः भरतात. पण प्रत्येक संघ एका साखळीत अडकवलेला आहे. जिंकलं की चार गुण, बरोबरीला दोन. आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलात तरी एक गुण पदरात पडतो. त्या एका गुणासाठी सामना हातचा गेल्यावरही शेवटच्या मिनिटापर्यंत पोरं झटतात. यात परकं काही नाही. आपल्या प्रो कबड्डीने २०१४ साली सुरुवात केली तेव्हा हाच नियम घेतला होता. सातच्या आत हरला तर एक गुण. म्हणजे टीव्हीवरच्या करोडो रुपयांच्या कबड्डीला हे समजलं. गावच्या कबड्डीला मात्र अजून बाद पद्धतच.

बाद पद्धतीचा हिशेब एकदा मांडून बघा. बत्तीस संघ आले. पहिल्या फेरीत सोळा संघ एकेक सामना खेळून परत. दुसऱ्या फेरीनंतर आणखी आठ. म्हणजे बत्तिसातल्या चोवीस संघांच्या वाट्याला जास्तीत जास्त दोन सामने. त्यासाठी जीपभाडं, प्रवेश फी, एक पूर्ण रात्र, आणि दुसऱ्या दिवशी कामावर खाडा. ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच सगळ्यात कमी खेळायला मिळतं. वर जिल्हा निवड चाचणीत गटवार साखळी असते, मोठ्या निमंत्रित स्पर्धांतही असते. तिथपर्यंत जे पोचले त्यांची सोय आहे. खालच्या पोरांचा प्रश्न तसाच राहतो. आणि निवडक मुलांच्या नव्या लीग निघाल्या म्हणून गावचा संघ गावातच बसून राहायचा थांबत नाही.

आता दहाच संघ घ्या, पण साखळीत घ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. प्रत्येक संघाला अठरा सामने, एकूण नव्वद. दिवाळी झाल्यावर सुरू केले तर चैत्रातल्या यात्रांच्या आधी आटोपतात. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं. एका संध्याकाळी एका मैदानावर मोठ्यांचा आणि वजनी गटाचा असे दोन सहज होतात. मैदानाला लागतं काय? मोठ्या गटाला तेरा मीटर बाय दहा मीटरची तांबडी माती, चुन्याच्या रेषा, चार दिवे. रग्बीला लागतं त्याच्या पासंगालाही नाही. आणि तरी हिवाळ्यात चिखलात लोळणाऱ्या या लोकांना जमतं, आपल्याला नाही!

इथे कुणी म्हणेल, इंग्रजांचं काय, त्यांच्याकडे शंभर वर्षांची शिस्त. तसं नाहीये. रग्बी युनियनची संघटना १८७१ची, पण देशभराची साखळी तिने १९८७ साली सुरू केली. तोवर एकेक क्लब पत्रं लिहून मैत्रीचे सामने ठरवायचा. संघटनेतल्या वरच्या मंडळींना भीती होती, की साखळी आली की पैसा येईल. त्याही आधी, १८९५ साली, पैसा नको या हट्टापायी खेळाचे दोन तुकडे झाले. लँकेशायर-यॉर्कशायरच्या क्लबांत खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळायचे. शनिवारी खेळायला गेलं की मजुरी बुडायची. तेवढी बुडालेली मजुरी तरी द्या, असं क्लबांचं म्हणणं. लंडनच्या मंडळींनी नकार दिला, आणि उत्तरेकडच्यांनी हडर्सफील्डमध्ये बसून वेगळी संघटना काढली. तेरा जणांचा रग्बी लीग हा खेळ त्यातून आला. युनियनवाल्यांनी पैसे घ्यायला परवानगी दिली ती थेट १९९५ साली, शंभर वर्षांनी.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या गावचा एक कोपरारक्षक आठवला. ऊसतोडीच्या हंगामात तो कारखान्यावर असतो. खाडा पडला तर पगार कापला जातो. त्याला अकरा हजारांचं प्रथम पारितोषिक देऊन काय उपयोग? ते सात-आठ जणांत वाटलं जाणार, आणि तेही जिंकले तर. त्याचा खाडा भरून द्या, एसटीचं भाडं द्या, खांदा निखळला तर डॉक्टरचा खर्च द्या. तो खेळत राहील.

आपण परदेशी बसलेले लोक बक्षिसावरच का भाळतो? कारण बक्षिसाचा फोटो काढता येतो. चषकाखाली मंडळाचं नाव कोरता येतं. पंचांचं मानधन, चुना, प्रथमोपचाराची पेटी, यांचे फोटो कुणी काढत नाही.

चषकावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंड-स्कॉटलंड सामना आपण सगळे टीव्हीवर बघतो, त्यातला कलकत्ता कप. कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी १८७३ साली रग्बीचा क्लब काढला. पुढे पलटण हलली, लोक पोलो आणि टेनिसकडे वळले, खेळायला माणसं उरेनात. १८७८मध्ये त्यांनी क्लब मोडला. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते रुपये वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. नागाच्या आकाराचे तीन कान, झाकणावर हत्ती. १८७९पासून त्यासाठी दोन देश खेळताहेत. काही वर्षांनी कलकत्त्यात रग्बी पुन्हा सुरू झालं, ही वेगळी गोष्ट. पण त्या वेळचं बघा: पैसा होता, त्याचा चषक झाला, आणि संघ नव्हता. सुंदर वस्तू आहे, मी नाही म्हणत नाही. आपल्या गावांच्या बाबतीत मात्र मला उलटं हवं आहे. चषक नसला तरी चालेल, संघ पाहिजे.

पैसा कधी द्यावा, हे आपल्याच मातीत एकाने दाखवून दिलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यानंतर आलं. खर्डेकरांनी पैसे दिले तेव्हा पदकाचा पत्ता नव्हता. जिंकून आल्यावर मिरवणूक काढायला बैलगाड्या जमल्याच, त्या नेहमीच जमतात. आमच्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा काशिलिंग आडके प्रो कबड्डीत दिल्लीकडून चढाया करायला लागला तेव्हा आपल्या मंडळातही त्याच्या नावाच्या गप्पा झाल्या. त्याच्यासारखे दहा जण कुठल्या बाद फेरीत पहिल्या रात्री परत गेले, याच्या गप्पा आपण केल्या नाहीत.

मुलींचा विषय खरं तर स्वतंत्र लेखाचा आहे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खोपासून सुरुवात करून २०१६ साली रिओमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली; म्हणजे आपल्या दुष्काळी गावांत मुलींच्या पायांत काय बळ आहे ते जगाला दिसलं. तरी मुलींच्या कबड्डी स्पर्धा मुलांच्या तुलनेत हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि रात्री साडेदहाला सामना ठेवला तर कोण आई पाठवेल? इथे माझ्या ऑफिसातली दोन मुलांची आई रविवारी दुपारी रग्बी खेळून सोमवारी कामावर येते. दुपारी सामने घ्या, एवढं तरी करा. मॅट की माती यावरही बरंच बोलण्यासारखं आहे. मॅटवर खेळायची सवय नसलेला मुलगा जिल्ह्याच्या चाचणीत घसरतो, हे खरं. पण मॅट महाग आहे, आणि मॅट नाही म्हणून हंगाम थांबवायचं कारण नाही.

माझा सूर चढलाय, याची मला जाणीव आहे. ज्यांनी या बक्षिसासाठी घरोघरी फोन करून पैसे जमवले, त्यांनी आपल्या शनिवार-रविवारवर पाणी सोडलं. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, आणि कुणाचं मन दुखावलं असेल तर मनापासून क्षमा मागते. गावापासून इतक्या लांब बसून 'असं करा, तसं करा' म्हणणं सोपं असतं, तिथे रात्रभर गुणलेखकाच्या टेबलावर बसणारी माणसं वेगळी. पण तीच माणसं मला फोनवर सांगतात, की स्पर्धा दरवर्षी मोठी होते आणि गावचा संघ दरवर्षी पातळ होत जातो.

एक अडचण खरी आहे, ती जिल्ह्याच्या हद्दीची. कराड साताऱ्यात, कासेगाव सांगलीत. महामार्गावर लागून असलेली ही गावं, पण निवड चाचण्या वेगळ्या, जिल्हा संघटना वेगळ्या. आपल्या आजोबांच्या काळात हा एकच सातारा जिल्हा होता. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ साली, आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० साली. माणसांची सोयरीक, बाजार, दवाखाने अजूनही हद्द ओलांडूनच चालतात. तेव्हा कराड, वाळवा, पलूस या तीन तालुक्यांतले दहा संघ एका साखळीत घ्यायला दोन्ही जिल्हा संघटनांशी बोलावं लागेल. पंच त्यांचेच लागतील, आणि मुलांच्या नोंदणीला धक्का लागता कामा नये. हे पत्रव्यवहाराचं काम आहे. ते करायला मी तयार आहे, माझा भाऊ तिकडून मदत करेल.

जानेवारीच्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. यंदाचं जाहीर झालेलं बक्षीस दिलेला शब्द म्हणून जावं. पुढच्या वर्षापासून तेवढीच रक्कम तीन हंगामांसाठी बांधून द्यावी, आणि ती पाहुण्या संघाच्या गाडीभाड्याला, पंचांच्या मानधनाला, खाड्याला आणि दुखापतीच्या खर्चाला जावी. पाहुण्या संघाला सामन्यानंतर यजमान गावाने जेवू घालावं, ते इथल्या क्लबांत घालतात तसं. त्याला मंडळाचा पैसा लागणार नाही, आमच्याकडच्या बायका पिठलं-भाकरी करायला कुणाला ऐकणार नाहीत. गुणतक्ता दर सोमवारी गावच्या चावडीवर आणि आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लागावा, सगळ्या दहा संघांचा, तळाच्यासकट. ठरावाला अनुमोदक हवा आहे. सभेच्या आधी कुणी फोन केला तर आभारी होईन.