सायलेन्सर नंतर, आधी पाणी

अमरावतीत बँकेत नोकरी करणाऱ्या एका मित्राचा मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला फोन. 'अबे, घेतली!' काय घेतली हे विचारायची गरजच नव्हती. गेले सहा महिने हा पठ्ठ्या मला सेकंडहँड पोलो जीटी टीएसआयचे फोटो पाठवत होता. चाकणला बनणारी पोलो 2022 मध्ये बंद झाली, आणि तेव्हापासून नीट ठेवलेली जुनी पोलो म्हणजे लग्नाच्या बाजारातला सरकारी नोकरीवाला मुलगा. भाव खाली यायचं नाव नाही! अभिनंदन झालं, पार्टी ठरली, आणि मग त्याने मुद्द्याचा प्रश्न टाकला. 'बोनसमधले साठ हजार उरलेत. आधी रीमॅप करू की आधी एक्झॉस्ट?'

मी म्हटलं, 'आधी कूलंट बघ.'

त्याने फोन ठेवला. रागावला असावा. तर आजचं हे पान त्याच्यासाठी, आणि ज्यांना आपल्या गाडीत एक छोटीशी रेस कार दिसते अशा तुम्हा सगळ्यांसाठी. फेरारी काही आपल्या राजकमल चौकातून किंवा अकोल्याच्या टॉवर चौकातून रोज जात नाही. एमएच 27 आणि एमएच 30 वाल्यांची स्पोर्ट्स कार म्हणजे पोलो जीटी, ऑक्टेव्हिया व्हीआरएस, एखादी जुनी पालिओ 1.6, किंवा माझ्यासारखी अबार्थ पुंटो. चार दारं, मागे आईबाबा, डिकीत दळणाचा डबा, आणि पेडल दाबलं की पाठीत गुद्दा. एवढं पुरे.

माझी अबार्थ सेकंडहँड. 2015 साली भारतात आलेली ही गाडी, 1.4 लीटरचं टर्बो इंजिन, 145 हॉर्सपॉवर, बॉनेटवर विंचू. हा विंचू आला कार्लो अबार्थच्या राशीवरून. त्याचा जन्म 15 नोव्हेंबरचा, रास वृश्चिक. गाडी घरी आली तेव्हा बाबा विंचवाकडे बघून म्हणाले, 'चावणार तर आहेच, कुणाला ते बघू.'

पहिला चावा माझ्या खिशाला. घेतल्यापासून दोन महिन्यांत मी ईसीयू रीमॅप केला, मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट लावला आणि इंटरकूलरचे पाइप बदलले. दुकानाचं नाव राहू द्या, गावाचंही राहू द्या. गाडी अशी पळायला लागली की काय सांगू! नाही म्हणायला कूलंटच्या बाटलीतली पातळी दर पंधरा दिवसांनी थोडी खाली यायची. मी काय करायचो? पार्किंगमधल्या बोअरच्या नळाची पाइप घ्यायचो आणि भरायचो. पाणी ते पाणी.

मग आला मे. आईला अकोल्याला मावशीकडे सोडायचं होतं. सकाळी लवकर निघायचा बेत होता, पण आमच्या ऑफिसमध्ये 'दहा मिनिटांचं काम' हे किती तासांचं असतं ते तुम्हाला माहीत आहे. बडनेरा सोडलं तेव्हा बारा वाजून गेले होते. अमरावती-अकोला हा आमच्या भागातला सगळ्यात मोहात पाडणारा रस्ता. 2022 च्या जूनमध्ये याच महामार्गावर 75 किलोमीटर लांबीची एक लेन 105 तास 33 मिनिटांत सलग डांबरी करून गिनीज रेकॉर्ड केला होता, आठवतंय ना? त्याआधीचा रेकॉर्ड कतारमधल्या रस्त्याचा होता. असा रस्ता, अशी गाडी... मी कोणत्या स्पीडला होतो ते लिहीत नाही, आई हे पान वाचते.

कुरणखेड मागे पडल्यावर एसीतून गरम वारा यायला लागला. मला वाटलं गॅस संपला. खिडक्या खाली केल्या आणि तसाच चार-पाच किलोमीटर दामटत राहिलो. इथेच मी चुकलो. इंजिन फार तापलं की गाडीचा कॉम्प्युटर एसीचा कॉम्प्रेसर स्वतःहून बंद करतो, ओझं कमी व्हावं म्हणून. एसीने अचानक मान टाकली तर आधी टेम्परेचरचा काटा बघायचा. मी बघितला तेव्हा तो लाल पट्टीत होता आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली होती.

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, आणि रुमाल गुंडाळून झाकणाला हात घालणार तोच आई ओरडली, 'कुकर असा उघडतोस का रे घरी?' माझा चेहरा वाचला तो आईमुळे. गरम कूलंट दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की उकळता फवारा थेट तोंडावर येतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं, बॉनेटला हात लावता आला पाहिजे, मग कापड ठेवून हळूहळू फिरवायचं.

आम्ही दीड तास एका लिंबाखाली बसलो. पारा 45 च्या आसपास. जवळच्या ढाब्यावरच्या मावशींनी आईला पन्हं दिलं, हातात फोडलेला कांदा दिला. संध्याकाळपर्यंत आईला उलट्या सुरू झाल्या आणि रात्री डॉक्टरांनी सलाइन लावलं. आईला बीपी आहे. एक्झॉस्टच्या आवाजावर मी जितके पैसे उडवले होते त्याच्या दहाव्या हिश्शात हे सगळं टळलं असतं, हा हिशेब मी त्या रात्री मावशीच्या हॉलमध्ये बसून केला.

गाडी टो करून अकोल्याच्या एका मिस्त्रीकाकांकडे नेली. साठीचे गृहस्थ, अंबॅसडर-पद्मिनीपासून हात चाललेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिएटर खाली उतरवला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, 'एवढ्या म्हागाचा सायलेन्सर लावला तुम्ही, अन् पोटात पानी बोअरचं. असं काहून केलं भाऊ?'

आत पांढरट पिवळा थर होता, चहाच्या भांड्याला बसतो तसा. आता जरा भूगोल. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाण्याचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूच्या शेतकऱ्याला विचारा, जमिनीखालचं पाणी किती खारं आहे ते तो चवीने सांगेल. ज्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजत नाही ते आपण ॲल्युमिनियमच्या रेडिएटरमध्ये ओततो! पाण्यातला चुना आतल्या बारीक नळ्यांमध्ये थर धरतो, आणि क्षार ॲल्युमिनियम कुरतडतात. हायवेवर गाडी तापली की मदतीला धावून येणारा माणूस जी बादली आणतो, तिच्यातही बहुतेक हेच पाणी असतं. जीव वाचवायला एकदा घातलं तर घातलं, पण घरी पोचल्यावर सगळं काढून सिस्टिम फ्लश करायची.

पातळी कमी का होत होती? पाइप बदलताना त्या दुकानात एका होजची क्लिप सैल राहिली होती. शिवाय रेडिएटरच्या पंख्याचं कनेक्टर अर्धवट बसवलेलं. हिवाळ्यात दोन्ही खपून गेलं. काकांनी क्लिप बदलली, कनेक्टर नीट बसवला, रेडिएटर नवा घातला. नशीब की हेड वाकलं नव्हतं. वाकलं असतं तर हे पान मी बसमधून लिहिलं असतं.

कूलंट घ्यायचं ते मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या स्पेसिफिकेशनचं. हिरवं, गुलाबी, निळं या रंगांवर जाऊ नका, रंग कंपनी स्वतःच्या मर्जीने घालते. वेगवेगळ्या जातींची दोन कूलंट एकत्र केली तर गाळ धरू शकतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारण निम्मं कूलंट आणि निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी. तयार मिक्स मिळत असेल तर आणखी बरं, कारण आपण 'अंदाजे' ओतणारी जमात.

आता मित्राच्या रीमॅपकडे वळू. हवा तापली की विरळ होते. 25 अंशांची हवा 45 अंशांवर गेली की तिची घनता सहा टक्क्यांच्या आसपास घटते. टर्बो थोडी भरपाई करतो, पण त्यासाठी तो आणखी तापतो. गरम हवेने इंजिनात नॉकिंगचा धोका दिसला की ईसीयू इग्निशन मागे ओढतो आणि पॉवर गुपचूप कमी करतो. म्हणजे दुकानदाराने जानेवारीत डायनोवर दाखवलेला आकडा मे महिन्यात दुपारी दोनला बोरगाव मंजूजवळ मिळणार नाही. कूलिंग ठणठणीत नसेल तर त्याच्या जवळपासही नाही. पोलो जीटीत अजून एक भानगड आहे. तिचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स ड्राय क्लचवाला, त्याची टॉर्क सोसायची मर्यादा 250 न्यूटन मीटर. कंपनीची गाडी देते 175. मधला पल्ला ट्यूनिंगवाले लगेच दाखवतात, पण रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तापलेला क्लच कुणी दाखवत नाही. सिग्नलला ब्रेक अर्धवट सोडून सरकत राहायची सवय असेल तर आधी ती सोडा. फुकट आहे.

पेट्रोलचंही सांगून टाकतो. 2025 पासून पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं. जुन्या टर्बो गाडीच्या मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा किती दिली आहे ते बघा, आणि फ्युएलच्या रबरी नळ्या मेकॅनिककडून तपासून घ्या. इथेनॉल हवेतली ओल धरतं, त्यामुळे पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने कव्हरखाली झाकून ठेवणं बंद.

पार्ट्सचा विषय निघाला की अबार्थवाल्याचा गळा दाटून येतो! फियाटच्या नावाने भारतात गाड्या विकणं 2019 च्या सुमाराला थांबलं, तेव्हा आम्ही सगळे पोरके. पण अगदी अनाथ नाही. पुंटो आणि लिनिया एकाच रांजणगावच्या कारखान्यातल्या, बरेच पार्ट सारखे. लिनिया टी-जेटवाल्याशी मैत्री करा. नियम एकच, पार्ट नावाने मागायचा नाही, नंबरने मागायचा. मी फोनवर 'पुंटोचा थर्मोस्टॅट' म्हटलं, आणि कुरिअरने डिझेलचा आला. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा, जुन्या पार्टवर कोरलेला नंबर फोटो काढून पाठवा, तो जुळला तरच पैसे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा दिल्लीला काश्मिरी गेटला फोनाफोनी करून दार, बंपर, आरसा असं काही मिळालं तर बिनधास्त घ्या. ब्रेकचे पार्ट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप हे मात्र वापरलेले कधीच नाही. टी-जेटमध्ये टायमिंग बेल्टच वॉटर पंप फिरवतो, म्हणून दोन्ही एकदमच बदलायचे. सेकंडहँड गाडीचा बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. तो धावत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन आपटतात, आणि मग बोनस काय, पीएफ काढावा लागतो.

एक्झॉस्टचं आता उरकतो. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला मालकाला 5000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आली. दंड एकवेळ भरून टाकाल. पण न सांगितलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला तर क्लेम अडकतो, ते जास्त महाग पडतं. सीएनजी किटसुद्धा आरसीवर चढवून आणि विमा कंपनीला कळवूनच. माझा जुना सायलेन्सर परत लागला आहे. मोठ्या आवाजाचा माळ्यावर आहे, कुणाला शोभेला हवा असेल तर कळवा.

पैसे घालवायचेच आहेत ना? मग ब्रेक आणि टायर. रविवारी सकाळी परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जाणारे तुम्ही सगळे चढताना हिरो असता. परीक्षा उतरताना असते. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरलेलं 155 लाच उकळू शकतं. घाटात पेडल स्पंजासारखं जमिनीला टेकलं तर समजा तेच झालं. दर दोन वर्षांनी बदला, आणि उतरताना गिअर खालचा ठेवा. टायरवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी ही तारीख बघूनच जुन्या गाडीचा भाव ठरवा. आणि उन्हाळा म्हणून हवा कमी भरायची ही आपल्याकडची जुनी खोड सोडा. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, म्हणून जास्त तापतो. सकाळी थंड टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा, बस्स.

माझ्या डिकीत आता दोन बाटल्या तयार कूलंट, चार होज क्लिप, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, आणि माणसांसाठी पाच लीटरचा पाण्याचा कॅन असतो. बॉनेटवर विंचू आहेच, बिऱ्हाड पाठीवर घेतलं.

हे लिहून होत आलं तेव्हा मित्राचा फोटो आला. कूलंटच्या बाटलीचं झाकण उघडलेलं, आतलं पाणी तांबूस. खाली प्रश्न : 'चहासारखं दिसून राहिलं बे. नॉर्मल आहे ना?'

मी त्याला मिस्त्रीकाकांचा नंबर पाठवला.