प्रबंध वाढले, प्रश्न हरवला

देशातील पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांची संख्या २०१४-१५ मध्ये १ लाख १७ हजार होती. २०२१-२२ मध्ये ती २ लाख १२ हजारांवर गेली. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीतील हे आकडे पाहून समाधान वाटावे, हे स्वाभाविक आहे. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशी मुलेमुली बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीच्या आधाराने संशोधनाकडे वळत आहेत, ही तर सामाजिक न्यायाच्या दृष्टीने मोलाची घटना होय. परंतु विकासाचे अर्थशास्त्र आणि राजकीय अर्थव्यवस्था या विषयांपुरते बोलावयाचे, तर संख्येबरोबर संशोधनाची दृष्टीही वाढली काय, हा प्रश्न टाळता येणार नाही.

या विषयांना महाराष्ट्रात परंपरा नाही असे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी शहराजवळच्या पिंपळे सौदागर या गावातील जमीन, तिचे तुकडे आणि शेतकऱ्यांची कर्जे यांची पाहणी केली व ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाल्यावर धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी हाती घेतली. हेच गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला. त्यावर कडाक्याचे वाद झाले; पण वाद झाले ते विधानांवर, संदर्भसूचीच्या लांबीवर नव्हे.

आजचा विद्यार्थी तेंडुलकर समिती २००९ ची आणि रंगराजन समिती २०१४ ची, हे अचूक सांगतो. दारिद्र्यरेषा कोठे ओढावी याची सूत्रेही त्याला पाठ असतात. मात्र बीड जिल्ह्यातून उसाच्या तोडणीसाठी दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात जाणारे कुटुंब या रेषेच्या कोणत्या बाजूला मोजावयाचे, मुकादमाकडून घेतलेली उचल उत्पन्न समजावी की कर्ज, असे विचारले की तो थबकतो. दुर्दैव असे की, पुष्कळदा हा विद्यार्थी त्याच भागातून आलेला असतो. जे त्याने घरी पाहिले, ते प्रबंधात येत नाही. जे प्रबंधात येते, ते त्याने कोठेही पाहिलेले नसते.

याचा दोष केवळ विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकास चार, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि प्राध्यापकास आठ विद्यार्थी घेता येतात, आणि मार्गदर्शक होण्याची पात्रता ठरते ती प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येवर. जेथे मार्गदर्शकच मोजला जातो, तेथे शिष्यही मोजण्यापुरतेच लिहिणार. त्यातच कायम जागा रिकाम्या राहतात, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण अध्यापकांना, त्यांची तयारी कितीही असली तरी, मार्गदर्शक होता येत नाही. २०२२ च्या नियमांनी प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची विद्यार्थ्यावरील सक्ती उठविली, हे योग्यच झाले. परंतु त्याच नियमांनी एम. फिल. बंद केल्यामुळे एखादा लहान प्रश्न नीट विचारावयास शिकण्याची एक पायरीही गेली. तिची जागा कशाने भरावयाची, याचा विचार विभागांनीच करावयास हवा.

यावर असे म्हटले जाईल की, आजचे अर्थशास्त्र हे मोठ्या आकडेवारीचे शास्त्र आहे. एका गावावरून काय सिद्ध होणार? आक्षेप अगदीच निराधार नाही. संख्याशास्त्रावाचून या विषयाचे चालणार नाही, आणि दांडेकर-रथ यांचा अभ्यासही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरच उभा होता. परंतु २०१७-१८ च्या उपभोग खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्ध केले नाहीत, आणि २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. ज्या विद्यार्थ्याला केवळ तयार आकडे हाताळता येतात, तो आकडे थांबले की थांबतो. शिवाय आकडा कसा जमतो, हे प्रश्नावली घेऊन ओसरीवर बसल्याखेरीज कळत नाही. तेथे नवरा सांगतो तो खर्च आणि बायको सांगते तो खर्च एक नसतो.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. संशोधनाच्या पहिल्या वर्षात विद्यार्थ्याने एका गावात किंवा वस्तीत निदान एक हंगाम काढावा. प्रश्नावली लोकांच्या भाषेत असावी. सोसायटीचे कर्ज कोणास मिळाले, विहीर कोणाची आणि पाणी कोणाचे, याची नोंद व्हावी. मार्गदर्शकाने वर्षातून दोनदा तरी त्या ठिकाणी स्वतः जावे, आणि निष्कर्ष परीक्षकांपूर्वी ग्रामस्थांना वाचून दाखवावेत. या शेवटच्या परीक्षेत उत्तीर्ण होणे तोंडी परीक्षेपेक्षा अवघड असते.

मॅन यांचे पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. ती जमीन कोणाच्या हातून कोणाकडे, कोणत्या भावाने गेली, आणि ज्यांच्यापाशी तेव्हाही जमीन नव्हती त्यांचे काय झाले, हा शंभर वर्षांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशी नियतकालिकाची गरज नाही. तेथे जाणारा विद्यार्थी आणि त्याच्याबरोबर चालणारा शिक्षक यांची मात्र आहे.