मूळव्याधीच्या नावाखाली दडणारा कर्करोग

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गुदद्वाराच्या कर्करोगावरील ‘रेटिफॅनलिमॅब’ या औषधाला मान्यता दिली. शरीरात पसरलेल्या किंवा उपचारांनंतर त्याच जागी उलटलेल्या आणि शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेलेल्या रोगासाठी हे औषध केमोथेरपीसोबत द्यावयाचे आहे. या दुर्लक्षित रोगाकडे औषधशास्त्राचे लक्ष गेले, याचे स्वागतच व्हायला हवे. मात्र ज्या चाचणीच्या आधारे ही मान्यता मिळाली, तिचे आकडे औषधाची मर्यादाही दाखवतात. नुसती केमोथेरपी घेतलेल्या गटात रोग आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ७.४ महिने होता, नव्या औषधाची जोड मिळालेल्या गटात तो ९.३ महिने झाला. याउलट, रोग गुदद्वारापुरता मर्यादित असतानाच सापडला तर अमेरिकेतील नोंदींनुसार शंभरापैकी ऐंशीहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर हेच प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. म्हणजे औषध दोन महिने मिळवून देते आणि वेळेवरचे निदान कित्येक वर्षे. तरीही हे निदान वेळेवर का होत नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बव्हंशी लाजेत आणि ‘मूळव्याध’ या एका शब्दात दडलेले आहे. शौचाच्या वेळी रक्त जाणे, दुखणे, खाज सुटणे, हाताला गाठ लागणे ही या कर्करोगाची लक्षणे. मूळव्याध किंवा गुदद्वाराला पडलेली भेग यांचीही लक्षणे थेट तीच. त्यातून हा कर्करोग दुर्मीळ आणि मूळव्याध घरोघरची. त्यामुळे शंभर वेळा मूळव्याधीचा अंदाज खरा ठरतो आणि एखाद्या वेळी घात होतो. मूळव्याध-भगंदरावर विनाशस्त्रक्रिया खात्रीशीर इलाजाचे वचन देणाऱ्या जाहिराती लोकलच्या डब्यांपासून विजेच्या खांबांपर्यंत सर्वत्र चिकटवलेल्या दिसतात. दुखणे कुणाला दाखवण्याचा संकोच वाटणाऱ्या माणसाला असा न तपासता मिळणारा इलाज सोयीचा वाटतो. मलम, चूर्ण आणि पथ्य यांत महिने निघून जातात, गाठ मात्र वाढतच राहते.

वास्तविक हे निदान अवघड नाही. हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी ही पहिली पायरी. त्यानंतर प्रॉक्टोस्कोप या छोट्या नळीतून आतील भाग पाहिला जातो आणि संशयास्पद जागेचा तुकडा बायॉप्सीसाठी घेतला जातो. जांघेतील गाठीही चाचपून पाहाव्या लागतात, कारण रोग प्रथम तिकडे सरकण्याचा संभव असतो. तो किती पसरला आहे, हे एमआरआय आणि पेट-सीटी स्कॅनमधून कळते. एचआयव्हीची चाचणी आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयमुखाची तपासणी हाही या निदानाचाच भाग आहे. बायॉप्सी आवश्यक ठरते ती आणखी एका कारणासाठी. गुदद्वाराचा कर्करोग बहुधा चपट्या, म्हणजे स्क्वेमस पेशींचा असतो, तर त्याच्या वरच्या बाजूच्या गुदाशयाचा कर्करोग ग्रंथिपेशींचा. दोघांत अंतर काही सेंटिमीटरचे असले, तरी उपचारांची दिशा निराळी असते.

उपचारांविषयीची भीतीही रुग्णाला डॉक्टरांपासून दूर ठेवते. १९७० च्या दशकापर्यंत ती अनाठायी नव्हती. तेव्हा गुदद्वार व गुदाशय काढून टाकून पोटावर मलविसर्जनाची कायमची पिशवी लावणे हाच प्रमुख उपाय होता. अमेरिकेतील डेट्रॉईटचे शल्यविशारद नॉर्मन निग्रो यांनी शस्त्रक्रियेपूर्वी गाठ लहान व्हावी म्हणून किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देऊन पाहिली. १९७४ मध्ये त्यांनी तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दोघांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या भागात कर्करोगाचा मागमूस सापडला नाही. तिसऱ्या रुग्णाने शस्त्रक्रियाच नाकारली, तरी त्याच्यातही रोग नाहीसा झाला होता. पूर्वतयारी म्हणून दिलेला उपचार हाच मुख्य उपचार ठरला. पुढे १९९० च्या दशकातील ब्रिटिश व युरोपीय चाचण्यांनी, नुसत्या किरणोपचारांपेक्षा हा संयुक्त उपचार रोगावर अधिक ताबा मिळवतो, हे सिद्ध केले.

आजही पाच ते सहा आठवड्यांचे किरणोपचार आणि त्यासोबत मायटोमायसिन व फ्लुरोयुरॅसिल ही औषधे, असाच प्रघात आहे. गुदद्वाराबाहेरील त्वचेवरची लहान गाठ शौचावर ताबा ठेवणाऱ्या स्नायूंपर्यंत पोचली नसेल, तर ती तेवढीच कापून काढता येते. संयुक्त उपचार सोपे नाहीत. त्वचा भाजल्यासारखी होते, जुलाब होतात, रक्तपेशी घटतात. शिवाय गाठ विरघळण्यास वेळ लागतो. उपचार सुरू झाल्यापासून ११ आठवड्यांनी शिल्लक दिसणारा रोग २६ व्या आठवड्यापर्यंत अनेकांत नाहीसा होतो, असे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत आढळले. त्यामुळे घाईने शस्त्रक्रिया करणे चुकीचे ठरते. रोग उरला किंवा उलटला तरच जुनी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

या कर्करोगाच्या दहापैकी सुमारे नऊ घटनांमागे ह्युमन पॅपिलोमा विषाणू असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारणही हेच. एचआयव्हीबाधित, अवयव प्रत्यारोपण झालेले, धूम्रपान करणारे आणि गर्भाशयमुखाचा वा योनिमुखाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रिया यांना धोका अधिक असतो. एचआयव्हीबाधितांमधील कर्करोगपूर्व बदलांवर आधीच उपचार केल्यास कर्करोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटते, हे सुमारे साडेचार हजार जणांवरील अमेरिकी चाचणीने २०२२ मध्ये दाखवून दिले. या विषाणूच्या प्रमुख प्रकारांविरुद्धची लसही उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘सर्व्हाव्हॅक’ ही भारतीय लस जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. तिची ओळख गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस अशी असली, तरी तिचा रोख ज्या विषाणूवर आहे तो दोन्हीकडे तोच आहे.

लस पुढच्या पिढीच्या कामी येईल. आज ज्याला रक्त जात आहे, त्याच्यासाठी मार्ग साधा आहे. औषधे घेऊनही काही आठवड्यांत त्रास थांबला नाही, तर त्याने संकोच सोडून तपासणीचा आग्रह धरावा. डॉक्टरांनीही तपासल्यावाचून कागदावर ‘मूळव्याध’ लिहू नये. नव्या औषधाच्या किमतीशी तुलना केली, तर हातमोज्याची किंमत नगण्य आहे. महाग पडतो तो तपासणी टाळण्यात गेलेला वेळ.